रेडिएटर पुढे, इंजिन मागे आणि मधल्या दोन नळ्या

माझ्या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आहे आणि रेडिएटर अगदी नाकात. ही मांडणी का निवडली ते सांगत बसत नाही. निवडली, आता निस्तरायचं. निस्तरायचं म्हणजे इंजिनातून निघालेलं गरम पाणी दोन मीटर पुढे न्यायचं आणि गार झालं की तेवढंच मागे आणायचं. कारखान्यात बनलेल्या गाड्यांनाही हे चुकलेलं नाही. फियाट एक्स १/९ मध्ये अशाच लांब नळ्या आहेत, एमजी एफच्या पोटाखालून तर लोखंडी नळ्या जातात. त्या गंजल्या की काय होतं, ते जुन्या एमजी एफच्या मालकांना विचारा.

मी पेशाने हिशेबनीस. दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवते, संध्याकाळी शेडमध्ये गाडी जुळवते. त्यामुळे करवत उचलण्याआधी कागदावर आकडे मांडायची खोड आहे. भाचा मदतीला असतो, त्याला या खोडीचा वैताग येतो.

"मावशी, मागपासून पुढपर्यंत सरळ रबरी होज टाक ना. एक तुकडा, दोन क्लिपा, विषय संपला."

सल्ला टाकाऊ नव्हता. पण दोन मीटरचा होज पाण्याने भरला की लोंबतो, आणि लोंबला की चासीच्या ज्या कडेला टेकेल तिथे घासत राहतो. पंप ज्या बाजूने पाणी ओढतो तिथला होज गरम होऊन मऊ पडला तर आतल्या आत चपटा होऊ शकतो. बऱ्याच गाड्यांच्या खालच्या होजमध्ये स्प्रिंग घातलेली असते ती याचसाठी. शिवाय रबर म्हातारं होतं, आणि ते बोगद्याच्या आत, म्हणजे गाडीच्या तळाच्या मधोमध जाणाऱ्या पोकळीत, म्हातारं होत असेल तर आपल्याला दिसतही नाही. म्हणून मधे धातू, टोकांना रबर.

पुढचा वाद व्यासाचा. इंजिनाच्या तोंडाचा व्यास ३२ मिलिमीटर. बोगद्यात गिअर बदलायची केबल, ब्रेकची नळी, वायरिंग अशी आधीच गर्दी, म्हणून भाच्याला २५ची नळी हवी होती. दीड मिलिमीटर जाडीच्या नळीत २५चं आतलं भोक राहतं २२, आणि ३२चं २९. दिसायला फरक सात मिलिमीटरचा. पण पाणी तेवढंच वाहायचं असेल तर भोक बारीक होईल तसा नळीतला दाबाचा तोटा साधारण व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. २९ भागिले २२, त्याचा पाचवा घात: जवळजवळ चार. म्हणजे पंपाला त्या दोन मीटरांत चौपट झगडायचं. छोट्या इंजिनाचा पंप पळत्या गाडीत मिनिटाला ८० लिटर ढकलतो असं धरलं तर २९च्या भोकातून पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने जातं, आणि तेवढं पुरे आहे. नळी ३२ची ठरली आणि केबल हलवली.

आता मुख्य हिशेब, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

रेडिएटरचं झाकण १ बारचं आहे. साधं पाणी या दाबाखाली १२० अंशांपर्यंत उकळत नाही, निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) घातलं तर त्याहून वर. १ बार ऐकायला मोठं वाटतं. ३२ व्यासाच्या, दीड मिलिमीटर जाडीच्या नळीच्या धातूवर त्याने किती ताण येतो? दाब गुणिले व्यास भागिले दुप्पट जाडी: एक मेगापास्कलच्या किंचित वर. तापवून पूर्ण मऊ पडलेलं ६०६१ जातीचं मिश्र अॅल्युमिनियमसुद्धा पन्नासएक मेगापास्कलपर्यंत वाकत नाही. थोडक्यात, पाण्याच्या दाबाने नळी फुटणार नाही. ती कागदासारखी पातळ असती तरी दाबाला पुरली असती. दीड मिलिमीटर जाडी लागते ती वेल्ड करायला, दगडाचा मार सोसायला आणि क्लिप आवळताना चेपू नये म्हणून.

त्याच नळीच्या तापण्याचा हिशेब करा. अॅल्युमिनियम अंशाला दर मीटरमागे २३ मायक्रोमीटर वाढतं. दोन मीटर, २० अंशांवरून १०० अंश: ३.७ मिलिमीटर. तांबं आणि ३०४ स्टेनलेस स्टील दोन्ही पावणेतीनच्या आसपास, साधं लोखंड दोनच्या जरा खाली. आता ही नळी दोन्ही टोकांना करकचून बांधली आणि वाढूच दिली नाही, तर धातूत ताण येतो सुमारे १३० मेगापास्कल. दाबाने एक, तापण्याने एकशे तीस! जोर काढला तर दोन टनांच्या जवळ जातो. अर्थात तेवढा होण्याआधीच नळी मधे कमान धरते, नाहीतर ब्रॅकेट वाकतं, नाहीतर सगळ्यात कच्चा वेल्ड तडकतो. आणि हे एकदा नाही, प्रत्येक वेळी गाडी तापली आणि गार झाली की.

हा आकडा कागदावर आल्यावर भाचा गप्प झाला. नळ्यांबद्दल जिथे वाचावं तिथे लोक दाब, दाब करत असतात. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: दाबाची चिंता फक्त टोकांना करायची, बाकी सगळी चिंता नळीला हलायला जागा देण्याची.

टोकांची चिंता का, तर १ बारचा दाब ३२ व्यासाच्या तोंडावर साधारण आठ किलोच्या जोराने होज बाहेर ढकलत असतो. त्यात इंजिन आपल्या रबरी माउंटांवर डुलत असतं. गुळगुळीत नळीवर नुसती क्लिप आवळून हे भागत नाही. पण टोकांकडे नंतर येते, आधी धातू.

तांबं मला मनापासून आवडतं. घरच्या प्लंबिंगची २८ची तांब्याची नळी सहज मिळते, तिचे बाक, जोड, सगळं तयार असतं, आणि गॅसच्या बत्तीने डाख देता येतो. शिसं नसलेला डाख २२७ अंशांच्या आसपास वितळतो, पाणी ११०च्या पुढे क्वचित जातं, म्हणजे वितळायचा धोका नाही. पण मऊ डाख गरम असताना सततच्या हादऱ्याखाली हळूहळू सरकतो, आणि गाडी म्हणजे सततचा हादराच. चांदीमिश्रित ब्रेझिंग, म्हणजे जास्त तापमानाचा कडक डाख, केलं तर जोड दणकट होतो. मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीने: माझं इंजिन अॅल्युमिनियमचं, रेडिएटरही अॅल्युमिनियमचा. मधे रबर असल्यामुळे दोन धातू एकमेकांना चिकटत नाहीत हे खरं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं वाहत जाऊन अॅल्युमिनियमवर बसतं आणि तिथे खड्डे पाडतं. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं ताजी असेपर्यंत हे दबून राहतं. म्हणजे कूलंट बदलायला विसरण्याची मुभा संपली. मी स्वतःला ओळखते.

स्टेनलेस टिकाऊ, देखणं आणि जड. दीड मिलिमीटर जाडीच्या चार मीटर नळीचं वजन साडेचार किलोच्या वर, तीच अॅल्युमिनियमची दीड किलो. शिवाय ते वेल्ड करताना नळीच्या आतही आर्गॉन वायू भरावा लागतो, नाहीतर सांध्याच्या आतल्या अंगाला जळून काळी, खडबडीत पापडी धरते. नळीची दोन्ही तोंडं फॉइलने बंद करून एका बाजूने आर्गॉन सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला बारीक भोक ठेवायचं, असं लोक करतात आणि छान करतात. साधं लोखंड आतून कूलंटमुळे बरं राहतं, बाहेरून रस्त्याच्या चिखलाने जातं. उरलं अॅल्युमिनियम.

अॅल्युमिनियममध्येही ६०६३ नरम आणि वाकायला बरं, ६०६१ टी-६ (उष्णता देऊन कडक केलेलं) कडक आणि कमी त्रिज्येत वाकवलं तर बाहेरच्या अंगाला तडकणारं. मला मिळालं ६०६१. सरळ लांबी तशीच ठेवायची होती, दोन्ही टोकांना मात्र बाक हवे होते.

बाक काढायच्या तीन वाटा होत्या.

पहिली, वाळू भरून वाकवणं. वाळू खडखडीत कोरडी हवी, भाजून घेतलेली. ओल राहिली तर आत वाफ होते आणि टोकाचं बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. नळी ठोकत ठोकत वाळू भरायची, दोन्ही बुचं घट्ट. मग तापवायचं. अॅल्युमिनियमची पंचाईत ही की ते लाल होत नाही. लोखंडासारखा रंग बघत बसलात तर आधी काही दिसत नाही आणि मग नळी वितळून खाली पडते. म्हणून जुनी युक्ती: नळीवर कपड्याच्या साबणाची वडी घासायची आणि ज्योत लांबून फिरवत राहायची. साबण गडद तपकिरी-काळा झाला की थांबायचं. धातू मऊ पडलेला असतो. मऊ केल्याने ताकद जाते, हे खरं, पण वर सांगितलेला एक मेगापास्कलचा हिशेब आठवा; इथे ताकद लागतेच कुणाला! ३२ व्यासाच्या नळीला हाताने चांगला बाक येण्यासाठी त्रिज्या मात्र सढळ लागते, आणि बोगद्याच्या तोंडाशी ती नव्हती.

दुसरी वाट, तिरपे काप जोडून बाक तयार करणं. इंटरनेटवर याचे फोटो फार सुंदर असतात, इंद्रधनुषी वेल्डसकट. काटकोनाचं वळण सहा सांध्यांत घ्यायचं तर प्रत्येक सांधा १५ अंशांचा, म्हणजे करवत साडेसात अंशांवर लावायची. मध्यरेषेची त्रिज्या दीडपट व्यास, म्हणजे ४८ मिलिमीटर धरली तर प्रत्येक पाचर बाहेरून १६.९ आणि आतून ८.४ मिलिमीटरची निघते. कापण्याआधी नळीवर लांबीभर एक सरळ रेघ ओढायची आणि दर कापानंतर नळी अर्धी फिरवायची, म्हणजे पाचरी आपोआप पडतात. हे सगळं मी कागदावर केलं, मला मजा आली, आणि मग बेरीज मांडली. ३२च्या नळीचा घेर १०० मिलिमीटर. सहा सांधे म्हणजे एका वळणात ६०० मिलिमीटर वेल्ड. अशी चार वळणं. जवळजवळ अडीच मीटर वेल्ड, आणि त्यातला प्रत्येक मिलिमीटर गळण्याचा उमेदवार. देखणेपणासाठी एवढी जोखीम मी घेत नाही.

तिसरी वाट, तयार बाक घेणं. मॅन्ड्रेलवर, म्हणजे नळीच्या आत घातलेल्या आधारावर, वाकवलेले अॅल्युमिनियमचे बाक मिळतात, ४५ आणि ९० अंशांचे, आत मॅन्ड्रेल असल्यामुळे भोक चपटं न झालेले. एक बाक, त्याच्या एका टोकाला सरळ नळी, एकच सांधा. हेच केलं. प्रत्येक नळीत दोन बाक, म्हणजे दोन वेल्ड. दोन्ही नळ्या मिळून घेराचे चार वेल्ड आणि वर हवा काढायच्या स्क्रूसाठी बारीक बॉस, म्हणजे आटे पाडलेले जाड तुकडे.

मोजमापासाठी जाड वेल्डिंग सळईचा सांगाडा केला. सळई नळीच्या मध्यरेषेसारखी वाकवून गाडीत धरायची आणि तिच्यावर ३२ मिलिमीटरच्या पुठ्ठ्याच्या चकत्या ओवायच्या, म्हणजे नळी कुठे अडकेल ते आधीच कळतं. चकती केबलला टेकली तर नळीही टेकणार. हे काम भाच्याने केलं आणि माझ्यापेक्षा नीट केलं.

वेल्ड करायला आमचे वेल्डरदादा आले. लोखंड मी स्वतः जोडते, पण पातळ अॅल्युमिनियमच्या टिग वेल्डिंगला जो हात लागतो तो त्यांचा आहे, माझा नाही, आणि पाण्याच्या नळीवर शिकाऊपणा करण्यात अर्थ नाही.

"ताई, वेल्ड माझं, सफाई तुमची. सफाई कच्ची असेल तर मग मला बोल लावू नका."

सफाईला तसंच कारण आहे. अॅल्युमिनियम ६५०-६६० अंशांत वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला दोन हजारांच्या वर जातो. आत धातू पाणी झालेला आणि वर साल तशीच. एसी करंटची उलटी फेरी ती साल फोडते, पण जाड, तेलकट साल तिलाही आवरत नाही. म्हणून आधी अॅसिटोनने पुसायचं आणि मग ब्रश, या क्रमाने; उलटं केलं तर ब्रश तेल धातूतच घोळतो. ब्रश स्टेनलेसचा, आणि तो अॅल्युमिनियमखेरीज कशालाही लावायचा नाही. ब्रेक क्लीनरचा डबा हाताशी होता, तो भाच्याने उचलला तेव्हा दादा ओरडले. बरोबर ओरडले. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतो, आर्कच्या उजेडात त्याचा फॉस्जीन वायू होऊ शकतो, आणि तो जीवघेणा आहे.

फिलरच्या, म्हणजे वेल्डमध्ये वितळवून भरायच्या, सळईवरून माझं आणि दादांचं जरा वाजलं. त्यांच्या खोक्यात ५३५६ होती, जास्त ताकदीची. मी ४०४३ मागवून ठेवली होती. ५३५६मध्ये मॅग्नेशियम पाच टक्क्यांच्या घरात असतं, आणि जो सांधा कायम ६५ अंशांच्या वर राहणार त्याला ती लावू नये असं सळई बनवणारेच सांगतात. गरम राहून राहून तिथे ताणाने तडे जायची शक्यता असते. आपली नळी तर ९० अंशांवर तासन् तास राहणार. ४०४३ सिलिकॉनची, कमी ताकदीची, पण या कामाला तीच. दादा म्हणाले, "चालतंय की, वाहतेही छान." नुसतं वितळवून, सळईशिवाय टाके (तुकडे जागेवर धरणारे छोटे वेल्ड) घ्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला, आणि तो त्यांचा मुद्दा माझ्याइतकाच खरा होता: ६०६१ सळईशिवाय जोडलं तर थंड होताना मधोमध चिरतं.

टाके गाडीत जागेवर घेतले, बॅटरी काढून आणि इंजिनाच्या संगणकाचा प्लग सोडून. पूर्ण वेल्ड बाहेर, कामाच्या टेबलावर.

आता टोकं. नळीच्या तोंडाजवळ सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर उठवलेला गोल बीड हवा. होज त्याच्यावरून चढतो, क्लिप त्याच्या मागे बसते, आणि आठ किलोचा जोर होजला बाहेर ढकलू लागला की क्लिप बीडवर अडते. हा बीड उठवायला हाताने फिरवायचं रोलरचं हत्यार मिळतं. ते नसेल तर लॉकिंग पकडीच्या एका जबड्यावर गोल सळईचा तुकडा आणि दुसऱ्यावर दोन समांतर तुकडे वेल्ड करून घरीच करता येतं: एक तुकडा नळीच्या आत, दोन बाहेर, थोडं दाबायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायचं. एका फेरीत सगळी उंची काढायची घाई केली तर नळी चिरते, म्हणून तीन-चार फेऱ्या. तांब्याच्या नळीला याहून सोपं असतं: तांब्याच्या तारेचं कडं करून डाख द्यायचा. अॅल्युमिनियमला नुसत्या वेल्डचा गोल थर घालून कानशीने घासणारेही आहेत. चालतो, पण तो गुळगुळीत झाला नाही तर होजच्या आतल्या अंगाला ओरखडे पडतात आणि पाणी त्याच ओरखड्यांतून वाट काढतं.

मी पकडीचं हत्यार वापरलं. बीड काहीसा लाटालाटांचा आला, रोलरइतका देखणा नाही. रबराला देखणेपणाचं काही नसतं. मात्र क्लिप जिथे बसते तो पट्टा मी बारीक पॉलिश पेपरने घेराच्या दिशेने घासला, लांबीच्या दिशेने अजिबात नाही. लांबीचा ओरखडा म्हणजे पाण्याला बाहेर यायची सरळ गल्ली.

क्लिपांचं सांगायचं तर साध्या स्क्रूच्या क्लिपेची पट्टी भोकाभोकांची असते, आणि सिलिकॉनचा होज मऊ असल्यामुळे तो त्या भोकांतून वर येतो आणि कापला जातो. सिलिकॉनला आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप लागते. मी सिलिकॉन घेतलाच नाही, काळा ईपीडीएम, म्हणजे नेहमीच्या कूलंट होजचं रबर, घेतला, कारण गाडीच्या रंगाशी होज जुळवायची मला हौस नाही. ईपीडीएमला तेल आणि ग्रीस वर्ज्य. चढवताना कूलंटचेच दोन थेंब लावायचे. होज नळीवर ३५-४० मिलिमीटर चढवला, क्लिप बीडपासून दोन-तीन मिलिमीटर मागे ठेवली. बीडवर क्लिप बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ती कधीच घट्ट होत नाही, नुसती घट्ट झाल्यासारखी वाटते.

एका गोष्टीची तयारी आधीच असावी. रबर दाबाखाली हळूहळू बसतं, आणि गार झालेली नळी किंचित बारीक होते. म्हणून गरम असताना कोरडा असलेला जोड सकाळी थेंब टाकतो आणि इंजिन तापलं की पुन्हा कोरडा. पहिल्या काही तापण्या-निवण्यानंतर क्लिपा गार असताना पुन्हा आवळायच्या. इंजिनाकडच्या दोन जोडांना, जिथे हात पोचत नाही, मी स्प्रिंगच्या क्लिपा लावल्या. त्या रबर बसलं तरी स्वतःच आवळत राहतात.

बसवण्याआधीची चाचणी पाण्याच्या टबात केली. एका तोंडाला बूच, दुसऱ्याला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलेलं बूच, आणि सायकलचा पंप. दीड बार. इथे बुचं बांधून ठेवायची, नुसती दाबून नाही, कारण या दाबाला बुचावर दहा किलोचा जोर असतो. भाच्याने नळी बुडवली.

"मावशी, इथून बारीक फेस येतोय."

एका बाकाच्या सांध्यावर, आतल्या वळणाकडे, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतून बुडबुड्यांची माळ. वितळलेलं अॅल्युमिनियम हायड्रोजन भरपूर शोषतं आणि घट्ट होताना जवळजवळ सगळा सोडून देतं. निसटायला वेळ मिळाला नाही तो आत भोकं करून बसतो. हायड्रोजन येतो तेलातून, ओलीतून, सळईवरच्या बोटांच्या घामातून. दादांनी वरून पुन्हा वेल्ड फिरवलं नाही. ती जागा रोटरी फाइलने खोल कोरून काढली आणि नव्याने भरली. वरून फिरवलं असतं तर तेच भोक फुगून पुन्हा वर आलं असतं. दुसऱ्या बुडवणीत टब शांत.

मग नळ्या आतून धुतल्या. कापताना पडलेला चुरा आणि कानशीचा बुरा पंपाच्या सीलचा शत्रू आहे. दोरीला फडकं बांधून ते स्वच्छ निघेपर्यंत आरपार ओढलं.

बसवताना वरचा १३० मेगापास्कलचा आकडा डोक्यात होता. प्रत्येक नळी एकाच जागी पक्की धरली आहे, मागच्या बाजूला, इंजिनाकडच्या होजच्या आधी. बाकी रबर लावलेल्या पी-क्लिपा (नळीभोवती गुंडाळून एका स्क्रूने धरायच्या पट्ट्या) ४०० ते ५०० मिलिमीटरवर, फक्त आधाराला. त्यांच्यातून नळी हाताने सरकली पाहिजे. पुढच्या टोकाला होजचा बाक आहे, वाढलेली लांबी तो गिळतो. त्या बाजूला सरळ, आखूड होज लावून नळी रेडिएटरला भिडवली असती तर सगळा जोर रेडिएटरच्या तोंडावर गेला असता, आणि तिथला अॅल्युमिनियमचा पत्रा नळीपेक्षा कच्चा.

गरम नळी ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला, पेट्रोलच्या नळीपासून लांब. आणि दोन्ही नळ्यांना पुढे चढ दिलाय, मधे शक्यतो कुबड ठेवलेलं नाही, कारण जिथे कुबड तिथे हवा अडकते. जिथे कुबड टळलंच नाही, गिअर केबलवरून जाताना, तिथे वरच्या अंगाला हवा काढायचा स्क्रू. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून ६ मिलिमीटरची बारीक नळी थेट कूलंटच्या मागच्या टाकीला जाते, आणि ती टाकी पाण्याच्या वाटेतली सगळ्यात उंच जागा आहे. दोन्ही नळ्यांतच अडीच लिटरच्या वर पाणी मावतं, त्यामुळे भरताना टाकी सारखी ढेकर देते. गाडीचं नाक जॅकवर उचलायचं, स्क्रू सोडायचा, फुसफुस थांबून सलग धार आली की बंद.

पहिल्यांदा इंजिन तापवण्याआधी मी पुढच्या शेवटच्या पी-क्लिपेच्या कडेला लागून नळीवर मार्करने रेघ ओढली होती. दोन्ही नळ्यांवर. शेडमध्ये तेव्हा २८ अंश होते. पंखा सुरू होऊन बंद झाला, गरम नळी ९०ला पोचली. भाचा कॅलिपर घेऊन खाली शिरला.

"२.९."

कागदावर दोन मीटर, ६२ अंश: २.८५. गार नळीची रेघ दोनच्या आत राहिली होती, तेही जुळतं. एक क्लिप मात्र नळी नीट सरकू देत नव्हती, रबर जरा जाड होतं. तिथे नळी किंचित वर उचललेली दिसली. ती काढून एक माप मोठी लावली आहे. हीटरच्या १६च्या नळ्या अजून व्हायच्या आहेत, त्यांना बाक हाताच्या बेंडरने येतील असं भाच्याचं म्हणणं आहे. मी आधी कागद काढणार आहे.